गाठ नसलेला पेनड्राइव्ह

दोन हजार चौदा सालची ही गोष्ट. तेव्हा घरोघरी इंटरनेट आलं होतं, पण नळाच्या पाण्यासारखं. कधी धो धो, तर कधी नुसतीच फुसफुस. त्याच वर्षी ताईची नोकरी टांगणीला लागली.

ताई म्हणजे त्या घरातली थोरली बहीण. लहानपणी तापात तिचे डोळे गेले. कोणी त्यावरून हळहळू लागलं की ती म्हणे, "डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. हळू बोला." त्या कानांवरच तिनं पोट भरलं. न्यायालयाच्या कचेरीतून जबान्यांचं रेकॉर्डिंग घरी यायचं, ती ते ऐकून शब्द न् शब्द टाइप करायची. तिचा कॉम्प्युटर बोलायचा. कुठलीही कळ दाबली की अक्षर म्हणून दाखवायचा, ओळ वाचून दाखवायचा. आवाज मात्र असा, की जणू जन्मापासून सर्दी झालेली. तिची भावजय त्या आवाजाला शेंबड्या म्हणायची आणि ते नाव घरात रुळलं. "ताई, तुमचा शेंबड्या बोलवतोय," असं स्वयंपाकघरातून ऐकू यायचं.

भावजयीलाही घरानं नाव ठेवलं होतं, लगबग. चालणं लगबगीचं, बोलणं लगबगीचं, भांडणसुद्धा लगबगीचं आणि ते मिटवणंही. मनानं सोन्यासारखी, पण तिला काही वाचून दाखवायला सांगितलं की ती वाचायची नाही; नजर फिरवायची आणि सार सांगायची. एकदा औषधाच्या पुडीतला कागद ताईनं तिच्यापुढे धरला. "काही नाही, जेवणानंतर घ्यायची," असं म्हणून तिनं तो चुरगाळला. त्या गोळीनं ताईच्या अंगावर गांधी उठल्या. तसं होऊ शकतं, हे कागदावर ठळक छापलेलं होतं. त्यावरून दोघींचं वाजलं. तेव्हापासून बोलणं चालू होतं, पण तोलूनमापून. "चहा ठेवलाय." "बरं." बस.

आणि अशातच एका संध्याकाळी ताईच्या कॉम्प्युटरवर कसलंसं अपडेट चालू असताना वीज गेली. वीज आली तेव्हा पंखा फिरला, खोक्यातून घरघर आली, पण शेंबड्या काही बोलेना. ताईनं कळा दाबून पाहिल्या, बंद केला, पुन्हा लावला. काही नाही. ज्या घरात रोज कोणीतरी बडबडत असतं ते अचानक गप्प झालं की कसं होतं, तसं तिला झालं.

सकाळी तिनं पहिला फोन मास्तरांना लावला. मास्तरही दृष्टिहीन. बोलणारा कॉम्प्युटर कसा चालवायचा हे ताईला आणि तिच्यासारख्या कितीतरी जणांना त्यांनीच शिकवलेलं.

"सिस्टम कोलमडली आहे," सगळं ऐकून घेऊन मास्तर म्हणाले. "खोकं ठीक आहे. नवीन ऑपरेटिंग सिस्टम टाकायची. काम कुठे आहे तुमचं? डिस्कवर नाही ना?"

"नाही. कचेरीची तशी सक्त ताकीदच आहे. सगळं पेनड्राइव्हवर, तेही कुलूप लावून."

"झालं तर मग. दुसरा एक मोकळा पेनड्राइव्ह घ्या. चालत्या कॉम्प्युटरवर सिस्टम उतरवून घ्यायची, ती पेनड्राइव्हवर चढवायची, म्हणजे तो बूटेबल होतो. मग तो तुमच्या खोक्याला लावायचा आणि त्याच्यावरूनच खोकं सुरू करायचं. सुरू होताना एफ बारा ही कळ दाबत राहायची; कुठून सुरू व्हायचं हे पडद्यावर निवडायला डोळे लागतात, तेवढं कोणाकडून तरी करून घ्या. त्यानंतर एक बीप वाजेल. बीप वाजली की एस दाबायचा आणि एंटर. तिथून पुढे तो स्वतःच बोलायला लागतो."

"आणि एवढं आजच्या आज होईल?"

"न व्हायला काय झालं? पण ताई, एक लक्षात ठेवा. ज्या पेनड्राइव्हवर सिस्टम चढवाल, त्यावरचं सगळं पुसलं जातं. मागून कितीही रडलं तरी परत येत नाही."

फोन ठेवते तोच कचेरीतून मोठ्या बाईंचा आला. मोठ्या बाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण त्यांच्यावरही कोणीतरी बसलेलं होतं.

"ताई, जबानी कुठवर आली?"

"शेवटची चारदोन पानं राहिलीत. पण माझा कॉम्प्युटर—"

"कॉम्प्युटरचं मला सांगू नका. तुम्हाला काम देताना मी वर शब्द टाकला होता. दिसत नाही तिला कसं जमेल, असं म्हणणारे इथे पुष्कळ आहेत. आज कचेरी बंद व्हायच्या आत जबानी माझ्या टेबलावर आली नाही, तर हे काम मला दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल. कायमचं. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

ताईनं फोन खाली ठेवला. त्या जबानीवर तिनं अख्खा महिना घातला होता. एक घाबरलेली बाई इतक्या हळू बोलत होती, की एकेका वाक्यासाठी रेकॉर्डिंग दहादहा वेळा मागे न्यावं लागलं होतं. सगळं त्या कुलूपबंद पेनड्राइव्हवर होतं, आणि ते कुलूप तिच्या सिस्टमशिवाय दुसरीकडे कुठेच उघडत नव्हतं. म्हणजे पेनड्राइव्ह नुसता कचेरीत नेऊन दिला असता तरी उपयोग शून्य.

घरात चालता कॉम्प्युटर एकच, लगबगचा लॅपटॉप. भाऊ कामाला गेलेला. बाजारपेठेचा त्या दिवशी साप्ताहिक बंद, त्यामुळे दुरुस्तीचं दुकान नाही की नवीन पेनड्राइव्ह नाही. ताई भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली आणि थांबली. कितीतरी दिवसांत तिनं भावजयीकडे काही मागितलं नव्हतं.

"तुला वेळ आहे का गं जरा?"

भांडी घासायचा आवाज थांबला. "माझं कसलं काय, सांगा ना. एवढा चेहरा का उतरलाय?"

ताईनं सगळं सांगितलं. लगबगनं पदराला हात पुसले, ते पुसणं ताईला ऐकू आलं. "अहो मग बसलात काय? चला!"

सिस्टम उतरवण्यातच दुपार झाली. लगबग दर थोड्या वेळानं येऊन सांगायची, "चाललंय हं," "अजून चाललंय," "आता थांबलंय, मेलं," "चाललं!" ताई खुर्चीच्या कडेवर बसून होती. अखेर लगबग ओरडली, "आलं! पेनड्राइव्ह द्या."

ताईनं खण उघडला. तिच्या पेनड्राइव्हांना ती दोरे बांधायची. दोन्ही पेनड्राइव्ह एकाच वेळी घेतलेले, एकाच घडणीचे, बोटांना जुळे भाऊ वाटावेत असे. म्हणून कामाच्या पेनड्राइव्हच्या दोऱ्याला गाठी मारलेल्या, मोकळ्याच्या दोऱ्याला एकही गाठ नाही. घरातल्या साखरमिठाच्या डब्यांपासून चपलांपर्यंत तिचं असंच चालायचं. तिनं खणात हात घातला, दोन्ही पेनड्राइव्ह हाताला लागले. आणि तिची बोटं थबकली.

दोरे नव्हते. काहीतरी गुळगुळीत, रुंद होतं.

"हे काय आहे?"

"फिती," लगबग म्हणाली. "सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात ना, तेव्हा तुमचा खण आवरला मी. दोरे इतके मळकट झाले होते ताई, काळेकुट्ट! मी म्हटलं छान साटीनच्या फिती लावू. एकाला हिरवी, एकाला निळी, म्हणजे…"

आपण काय केलं ते तिचं तिलाच कळलं होतं.

"म्हणजे ओळखू येतील," ताई म्हणाली. "मला. हिरवी आणि निळी."

"अहो, मला सुचलंच नाही…"

"गाठी कोणत्याला होत्या?"

"लक्षच नव्हतं हो. कापून टाकले मी दोन्ही." लगबगचा आवाज रडवेला झाला. मग ती एकदम सावरली. तिचं सगळंच तसं. "पण मला डोळे आहेत ना! लावून बघते, कोणत्यावर काय आहे ते. त्यात काय मोठंसं!"

तेही खरंच होतं. ताईनं दोन्ही पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवले. मास्तरांना फोन लावला तर तो बंद. या वेळी ते वर्गावर असत. लगबगनं पहिला लावला.

"हिरवा लावला. उघडला. बापरे, केवढ्या फायली आहेत! ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन… खाली जातच आहेत."

ताईचा जीव थोडा भांड्यात पडला. कचेरीची रेकॉर्डिंगही ट्रॅक एक, ट्रॅक दोन अशाच नावांनी यायची. "आणि निळा?"

खट्.

"निळा मोकळा आहे. फॉरमॅट करू का, म्हणून विचारतोय. म्हणजे काम हिरव्यावर, निळा आपला. करू ना?"

"थांब."

"अहो थांबायला वेळ कुठाय? घड्याळ बघा… म्हणजे, बघू नका, मी सांगते, दुपार कलायला लागली आहे. सिस्टम चढायला वेळ, मग टाकायला वेळ, मग तुमची पानं, मग मी रिक्षा करून कचेरीत जाणार. मी होय म्हणते."

कळ वाजली. ताईनं ती ऐकली. त्या एवढ्याशा आवाजानं ती खुर्चीतून उठली. का, ते तिला सांगता आलं नसतं. हिरव्यावर फायली होत्या, त्यांची नावं बरोबर होती, सगळं जुळत होतं. पण लगबगनं तिला सार सांगितलं होतं, आणि लगबगचं सार ताईच्या अंगावर एकदा उठलं होतं.

"हात वर कर!" ताई ओरडली. त्या घरात तिचा आवाज इतका मोठा कधी कोणी ऐकला नव्हता. "दोन्ही हात वर कर. काही दाबू नकोस."

लगबगनं खरोखरच दोन्ही हात वर केले. बांगड्या कोपराकडे घसरल्याचा आवाज आला. "केले. काय झालं?"

"आधी काय लिहून आलं होतं?"

"सांगितलं ना, मोकळा आहे, फॉरमॅट—"

"सार नको. शब्द सांग. जसे होते तसे."

"ते तर गेलं. आता दुसरी खिडकी आली आहे."

"तिच्यात काय आहे?"

"फॉरमॅट. मग आकडे कसलेतरी. खाली स्टार्ट आणि क्लोज."

"स्टार्ट दाबलंस?"

"नाही." मग बारीक आवाजात, "नाही दाबलं, ताई. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"तुम्ही ओरडलात आणि मी दचकले. बोट होतं त्याच्यावर. पण दाबलं नाही. दाबलं असतं तर काहीतरी झालं असतं ना?"

ताईनं डोळे मिटले. मिटून काही फरक पडत नसे, पण विचार करताना ती मिटायची. "क्लोज दाब. पेनड्राइव्ह काढ. पुन्हा लाव. आणि जे येईल ते पहिल्या अक्षरापासून वाच. मध्ये एकही शब्द खायचा नाही."

खट्. लगबग वाचू लागली. तिचं इंग्रजी शाळेत असतानाच मागे पडलेलं, त्यामुळे ती बोट ठेवून वाचत होती. "यू… नीड टू… फॉरमॅट… द डिस्क… बिफोर… यू कॅन यूज इट."

"पुन्हा."

तिनं पुन्हा वाचलं.

"मोकळा आहे, असं कुठे लिहिलंय त्यात?"

लगबगनं शोधलं. शोधताना तिचे ओठ पुटपुटत होते. "नाही लिहिलेलं," ती शेवटी म्हणाली.

"मोकळं घर असेल तर दार उघडतं आणि आत कोणी नसतं. इथे दारच उघडत नाहीये. तुझ्या लॅपटॉपला आतलं वाचता येत नाही, म्हणून तो म्हणतोय, पाडून नवीन बांधू का?" ताईनं लॅपटॉपच्या दिशेनं हात केला. "माझ्या कामाला कुलूप आहे गं. ज्याचं दार उघडत नाही तोच माझा असणार."

"मग हिरव्यावर हे एवढं काय आहे?"

"पहिला ट्रॅक वाजव."

लगबगनं हिरवा लावला आणि ट्रॅक एक सुरू केला. क्षणभर खरखर झाली. ताई घाबरलेल्या त्या बाईच्या हळू आवाजाची वाट पाहत होती. तो आला असता तर तिचा सगळा तर्क पालथा पडला असता. पण ढोलकी वाजली, आणि तिच्या भावाच्या आवडीचं एक जुनं, उडतं गाणं खोलीभर नाचायला लागलं.

"मेला!" लगबग किंचाळली. "गाडीत लावायला गाणी भरून घेतली आणि सांगितलंही नाही! येऊ दे घरी!"

ताईला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिच्या लक्षात आलं, की धोका अजून गेलेला नाही. तो बोटाखालचा स्टार्ट. तो दाबला गेला असेल, निमिषभरही, तर पेनड्राइव्हमध्येच असलेली कुलपाची किल्ली नाहीशी झाली असेल, आणि तो आपल्या सिस्टमला लावेपर्यंत ते कळायचं नाही.

निळा पेनड्राइव्ह तिनं मागून घेतला आणि मुठीत धरला. पुढचं सगळं होईपर्यंत ती मूठ तिनं उघडली नाही.

लगबग आता वेगळीच झाली होती. प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचत होती, कधी चुकीचा, पण वाचत होती. "डिव्हाइस. खाली एकच नाव. हिरवाच आहे, दुसरा काही लावलेलाच नाही. स्टार्ट. आता लिहून आलंय, वॉर्निंग, ऑल डेटा… विल बी… डिस्ट्रॉइड. म्हणजे गाणी जाणार. जाऊ देत. ओके दाबू?"

"दाब."

हिरवी पट्टी सरकत गेली. लगबग तिचीही बित्तंबातमी देत राहिली. मग पेनड्राइव्ह ताईच्या खोक्याला लावला. खोकं सुरू करताना मास्तरांनी सांगितलेली कळ लगबगनं धडाधड दाबली, निळ्या पडद्यावरची नावं वाचली, त्यातलं यूएसबी निवडलं. पंखा घुमला.

बीप.

ताईनं एस दाबला, एंटर दाबला. खूप वेळ काहीच झालं नाही. मग खोक्यातून तो सर्दी झालेला, नाकातला, जगातला सगळ्यात कुरूप आवाज आला, आणि लगबग म्हणाली, "आला गं बाई शेंबड्या!"

तिथून पुढे ताईला डोळ्यांची गरज नव्हती. शेंबड्या प्रश्न विचारी, ती आकडा दाबून उत्तर देई. लगबग मागे उभी होती, हलत नव्हती. एरवी ती एवढा वेळ एका जागी उभी राहिल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

सिस्टम बसली. खोकं पुन्हा सुरू झालं. आता ताईनं मूठ उघडली. निळी फीत घामानं ओली झाली होती.

"ताई," मागून लगबग म्हणाली, "नाही उघडलं तर…"

"तू म्हणालीस ना, दाबलं नाही."

"म्हणाले."

"मग दाबलं नाहीस."

ताईनं पेनड्राइव्ह लावला. शेंबड्यानं परवलीचा शब्द मागितला. तिनं तो टाइप केला, एंटर दाबला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. खोकं घरघरलं. मग शेंबड्या आपल्या नाकातल्या आवाजात फायलींची नावं वाचू लागला, एक एक करून, आणि शेवटी तिची महिन्याभराची जबानी.

ताईच्या खांद्यावर लगबगचा हात पडला. ताईनं त्यावर आपला हात ठेवला, क्षणभरच, कारण पानं राहिली होती.

ती पानं तिनं कशी टाइप केली ते तिला नंतर आठवलं नाही. मग जबानी घरच्याच प्रिंटरवर छापली; लगबगनं पानं उचलली, रिक्षा केली, आणि शिपाई कचेरीच्या दाराला कडी घालत असताना आत घुसली. मोठ्या बाईंनी पानं चाळली. "इतकं स्वच्छ काम इथले डोळस लोक करत नाहीत," असं त्या म्हणाल्या, असं लगबगनं घरी येऊन सांगितलं. ताईनं विचारलं, "हे त्यांचे शब्द, की तुझं सार?" लगबग म्हणाली, "शब्द. शपथ."

ताईनं त्या कामावर पुढे बरीच वर्षं काढली आणि मानानं निवृत्त झाली. निळ्या फितीला तिनं त्याच संध्याकाळी गाठी मारल्या. फीत मात्र काढली नाही. मोठ्या बाई बढती होऊन दुसरीकडे गेल्या; जाताना नवीन साहेबांना ताईचं नाव सांगून गेल्या. मास्तर शेवटपर्यंत शिकवत राहिले. ही हकीकत ते प्रत्येक नव्या वर्गाला सांगत, आणि शेवटी म्हणत, "डोळस माणसाला काय दिसतंय ते विचारायचं, काय वाटतंय ते विचारायचं नाही." भावाला त्याच्या गाण्यांचं काय झालं ते कळलं तेव्हा तो आठवडाभर धुसफुसला, आणि मग दुसरा पेनड्राइव्ह विकत घेऊन आला.

आणि लगबग? ती पुढे मास्तरांच्या वर्गातल्या मुलांना परीक्षेची पुस्तकं वाचून दाखवायला जाऊ लागली. पान क्रमांकापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचायची, मुलं वैतागायची. ताई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली तेव्हा लगबग रोज सकाळी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, जाहिरातींसकट.

एकदा ताई दमून म्हणाली, "अगं, आता सार सांगितलंस तरी चालेल."

"गप्प बसा," लगबग म्हणाली, आणि चष्मा सारखा करून पुढचा शब्द वाचू लागली.